स्टॅन्हर्स्टचे कोलाचे

अर्डिथ कुबिचेकने जन्मात कधी विकतचा कोलाचा घरात आणला नव्हता. यीस्ट घालून फुगवलेल्या मऊ पिठाचा गोळा, मधोमध अंगठ्याने पाडलेला खळगा आणि खळग्यात खसखशीचे, सुक्या आलुबुखाराचे नाहीतर जर्दाळूचे सारण, एवढाच हा पदार्थ. पण टेबर ग्रोव्ह या आमच्या गावात बाईची पारख त्यावरून होते. दुकानातला कोलाचा पाहुण्यापुढे ठेवणे म्हणजे घरात कोणी आजारी आहे किंवा वारले आहे असे जाहीर करणे. म्हणून अर्डिथने त्या मार्चमध्ये जे केले त्याचा अर्थ आमच्या गावात कुणाला समजावून सांगावा लागला नाही. बाहेरच्या माणसाला मात्र तो सुरुवातीपासून सांगायला हवा.

मी येथल्या धान्य सहकारी संस्थेत हिशेबनीस आहे. येत्या वर्षी निवृत्त होईन. माझे नाव श्याम. गावाने त्याचे 'सॅम' केले आणि मीही ते चालू दिले. माझ्या दोन्ही मुली अर्डिथच्या बसने शाळेत गेल्या. खडीच्या रस्त्यांवरून, बर्फातून, चिखलातून ती शाळेची पिवळी बस चालवायची. उंच, मजबूत हाडाची बाई. आवाज बसच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. कुणाचे पोर न्याहारी न करता आले आहे हे ती त्याच्या पायरी चढण्यावरून ओळखायची आणि सीटखालच्या डब्यातली बिस्किटे पुढे करायची. मात्र घरासमोर थांबल्यावर भोंगा तिने कधी वाजवला नाही. पोर उशीर करत असेल तर इंजिन चालू ठेवून समोर बघत बसायची. भोंगा वाजवणे म्हणजे त्या घराला आळशी म्हणणे. आमच्याकडे असे बोलून दाखवत नाहीत.

तिची मैत्रीण लव्हॉन झीमर. लहानखुरी, टापटिपीची, नवरा वारल्यानंतरही शेतावरच राहणारी. अंगणाच्या पलीकडच्या घरात तिचा मुलगा ब्रेंट आणि नातू कोल्टन. दोघी टेबर ग्रोव्हच्या शाळेत एका वर्गात होत्या, बास्केटबॉलच्या एका संघात होत्या. त्या संघाचा फोटो शाळेच्या बोळात अजून लटकत होता. त्यात अर्डिथच्या कोपरापाशी लव्हॉनचे डोके दिसते. दर शरदात चर्चच्या तळघरात गावजेवण होते. त्याचे कोलाचे या दोघी अर्डिथच्या स्वयंपाकघरात करायच्या. अर्डिथ पीठ मळायची, लव्हॉन खळगे पाडायची. दुसऱ्या कुणी खळगे पाडलेले अर्डिथला चालत नसत.

लव्हॉन शाळेच्या मंडळावर होती. आणि मंडळापुढे विषय होता तो शाळा बंद करून मुले स्टॅन्हर्स्टच्या शाळेत पाठवण्याचा.

स्टॅन्हर्स्ट म्हणजे आमचे वैरी गाव. तिथे सिग्नल आहे, मोठे सुपरमार्केट आहे, आणि आमच्या पाण्याच्या टाकीवर रात्रीत त्यांच्या संघाचा रंग फासून गेलेली पोरे आता तिथे आजोबा झाली आहेत. आमच्या शाळेत मुले कमी होत चालली होती हे खरे. आकडे कुठल्या बाजूला झुकतात ते मला दिसत होते. पण अर्डिथचे म्हणणे आकड्यांचे नव्हते. ती म्हणायची, "आज शाळा गेली की उद्या किराणा दुकान जाईल. दुकान गेलं की पाद्री महिन्यातून एकदाच येईल. मग गावात काय उरेल, सॅम? तुझी ती धान्याची कोठारं. त्यात काय लग्नं लावणार आहात?"

मंडळ सहा जणांचे. तिघे विलीनीकरणाला राजी, दोघे विरोधात. लव्हॉनने 'नाही' म्हटले की मते समसमान होऊन ठराव पडणार होता. म्हणजे शाळा राहते की जाते ते लव्हॉनवर होते, आणि ती काय म्हणेल याबद्दल अर्डिथच्या मनात शंकेला जागा नव्हती.

एकदा तिचा नवरा व्हर्लिन माझ्यासमोरच तिला म्हणाला, "पण तू लव्हॉनला विचारलंस का?"

व्हर्लिन डुकरे पाळतो आणि गरज पडली तरच बोलतो.

"काय विचारू?" अर्डिथ म्हणाली. "तू माझ्या बाजूने आहेस ना, असं? लव्हॉनला? मग उद्या तुलाही विचारते, माझ्याशी लग्न मनापासून केलं होतंस ना म्हणून."

"ते नको विचारूस," व्हर्लिन म्हणाला.

विषय तिथेच संपला. पण तिचे वागणे गावाच्या रीतीला धरूनच होते. कुणाचे मत काय पडणार हे आमच्याकडे तोंडावर विचारत नाहीत. ते कुणाच्या अंगावरचा कोट उघडून आत काय घातले आहे ते पाहण्यासारखे समजतात. माणूस आपल्याबरोबर आहे की नाही हे तो आपल्याबरोबर काय काम करतो त्यावरून ओळखायचे.

सभेच्या आधीच्या शनिवारी अर्डिथने कोलाचे करायचे ठरवले. सभेला येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडात टेबर ग्रोव्हची चव असताना मतदान व्हावे, असा तिचा हिशेब. तिने फोन केला आणि लव्हॉन आली. माझी बायको सारण भरायला गेली होती. तिथे जे बोलणे झाले ते तिने मला त्याच दिवशी सांगितले, आणि नंतर आणखी कितीतरी वेळा.

"खळगा जरा मोठा पाड गं," अर्डिथ म्हणाली. "हात वर करायच्या आधी लोकांचं तोंड नीट गोड होऊ दे."

"माझा अंगठा जेवढा, तेवढाच खळगा."

"तुझा अंगठा शाळेपासून दांडगा आहे. बाकी सगळी चिमणीएवढी आणि अंगठा पाहा! त्याच्यामुळेच तुझ्या हातातून चेंडू सुटत नव्हता."

"सुटत नव्हता कारण तू पलीकडून ओरडायचीस, 'धर, नाहीतर घरी चालत जा!'"

दोघी हसल्या. मग अर्डिथ पिठाचा दुसरा गोळा ओट्यावर आपटत म्हणाली, "मंगळवारी मला बोलायचंय सगळ्यांसमोर. पोरांवर ओरडणं निराळं आणि हे निराळं. तू अशी माझ्या समोर बस. मला कुणाकडे तरी बघून बोलायला हवं."

"बसेन की," लव्हॉन म्हणाली. "माझी खुर्ची समोरच असते."

माझी बायको सांगते, एवढे बोलून लव्हॉनने हात धुतले. खळगे पाडायचे अजून शिल्लक होते, तरी धुतले. मग पुसले, पुन्हा पिठात घातले आणि म्हणाली, "पीठ आज जास्तच फुगलंय."

"उबेत ठेवलं होतं ना," अर्डिथ म्हणाली.

सभा शाळेच्या व्यायामशाळेत भरली. घडीच्या खुर्च्या, समोर मंडळाचे लांब टेबल, भिंतीजवळ कॉफी आणि अर्डिथचे कोलाचे. स्टॅन्हर्स्टच्या शाळेचे अधीक्षकही आले होते. टाय लावून, पहिल्या रांगेच्या कडेला, पाहुण्यासारखे अवघडून बसले होते.

अर्डिथ उभी राहिली. कागद आणला नव्हता. लव्हॉनकडे पाहतच ती बोलली.

"तुम्ही सगळे मला ओळखता. तुमची पोरं मी आणली आणि नेली. तुमच्यातल्याही काहींना आणलं, नेलं, आणि एकदोघांना रस्त्यात उतरवलंही."

लोक हसले.

"स्टॅन्हर्स्टला शाळा चांगली आहे. नाही कोण म्हणतं? पण तिथे आपलं पोर बसमधून उतरल्यावर ते कुणाचं, हे कुणाला ठाऊक असणार? इथे स्वयंपाकीण बाईलासुद्धा ठाऊक आहे, याचा बाप या महिन्यात दवाखान्यात आहे, याला थोडं जास्त वाढा. हे एकदा मोडलं की परत होत नाही. मला एवढंच म्हणायचंय."

टाळ्या बऱ्याच वाजल्या. मंडळाचा अध्यक्ष गेलन रीड आडनावाच्या क्रमाने नावे पुकारू लागला. हो, नाही, हो, हो, नाही, सगळे अपेक्षेप्रमाणे. झीमर हे नाव शेवटचे.

"झीमर?"

लव्हॉनचे ओठ हलले. मागच्या रांगेत आम्हाला काही ऐकू आले नाही. अर्डिथ बसली नव्हती, उभीच होती, आणि ठरल्याप्रमाणे लव्हॉनकडे पाहत होती. लव्हॉन मात्र समोर बसूनही तिच्याकडे पाहत नव्हती. भिंतीवरच्या बंद गुणफलकाकडे पाहत होती.

"जरा मोठ्याने, लव्हॉन," गेलन म्हणाला. "सगळ्यांना ऐकू यायला हवं."

"हो," लव्हॉन म्हणाली. "हो म्हणाले मी."

अर्डिथ खाली बसली. बस थांबवताना ती जशी हळूच ब्रेक लावायची, पोरांना धक्का बसू नये म्हणून, तशी बसली.

लोक उठले, खुर्च्या घडी होऊ लागल्या. स्टॅन्हर्स्टच्या अधीक्षकांना वाटले असेल की काहीतरी गोड बोलावे. ते भिंतीकडे गेले, एक कोलाचा उचलून खाल्ला आणि दुसऱ्याला हात घालत म्हणाले, "अप्रतिम! कुणी केलेत हे?"

व्हर्लिन पुढे झाला आणि त्याने ताटच उचलले.

"राहू द्या, साहेब," तो म्हणाला. "हे आमच्या डुकरांसाठी आणलेत."

व्हर्लिनचे गावातले एवढे लांब भाषण ते पहिलेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांना शाळेत सोडून अर्डिथ नेहमीप्रमाणे कॅफेत आली. तिथे भिंतीवर खुंट्या आहेत आणि प्रत्येक खुंटीला ज्याचा त्याचा मग. तिने आपला मग काढला, कॉफी ओतून घेतली आणि आमच्या टेबलाशी बसली. सगळे हवेबद्दल बोलू लागले. वारा फिरलाय, बर्फ पडेल, पडणार नाही. जिथे मतदान झाले त्या जागेबद्दल, त्या संध्याकाळबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. धान्याचे ट्रक चालवणारा ड्वेन तेवढा अस्वस्थ होता. त्याला शांतता सोसत नाही.

"अर्डिथ, तू फार मनाला लावून घेऊ नकोस," तो म्हणाला. "पोराच्या फुटबॉलचा प्रश्न होता तिचा."

"कुठल्या पोराच्या?"

"कोल्टनच्या. अगं, आपल्याकडे पोरंच उरली नाहीत. आत्ता आठ जणांचा संघ आहे, पुढच्या वर्षी सहाचा होणार. सहाच्या संघातल्या पोराला शिष्यवृत्ती द्यायला विद्यापीठाचा कुठला प्रशिक्षक बघायला येतो? स्टॅन्हर्स्टला पुरे अकरा खेळतात. ब्रेंटने तर ख्रिसमसच्या आधीच तिथल्या प्रशिक्षकाशी बोलून ठेवलंय."

"ख्रिसमसच्या आधी?"

ड्वेनने आमच्याकडे पाहिले. टेबलावरचे सगळे आपापल्या कॉफीत पाहत होते.

"म्हणजे तुला ठाऊक होतं," अर्डिथ म्हणाली.

"मला वाटलं तुलाही असेल."

"आणि हॅरल्डला? डीनला?" तिने टेबलाभोवती बोट फिरवले. कुणी नाही म्हटले नाही. माझ्यापाशी बोट आले तेव्हा मी मान हलवली. मला खरेच ठाऊक नव्हते. आकड्यांच्या बाहेरची बातमी माझ्यापर्यंत सगळ्यांत शेवटी येते.

"मी महिनाभर इथे बसून तुम्हाला सांगत होते, लव्हॉन आपली आहे," ती म्हणाली. "आणि तुम्ही माना डोलवत होतात."

"आता दुसऱ्याच्या घरचं आपण कसं बोलायचं?" ड्वेन म्हणाला.

अर्डिथने कॉफी अर्धी टाकली, आपला मग धुतला, खुंटीला अडकवला. "वारा फिरलाय खरा," असे म्हणून निघून गेली.

त्याच आठवड्यात ती दुपारी बस लावून घरी आली तर शेगडीवर काचेचे झाकलेले भांडे होते. आमच्याकडे दारांना कुलूप नसते. कोणीही येऊन ठेवून जाते. आत हॅम, बटाटे आणि चीज यांचा भाजलेला थर. भांड्याच्या तळाला कागदी चिकटपट्टी, तिच्यावर 'झीमर'. बटाट्याचा हा प्रकार आम्ही दुःखाच्या घरी नेतो. गावात कोणी गेले की त्या घरी अशी दहा भांडी जमतात.

व्हर्लिन डुकरांना खाणे घालून आला, झाकण उचलून पाहिले आणि टोपी काढली.

"कोण गेलं?"

"कुणी नाही," अर्डिथ म्हणाली. "लव्हॉन येऊन गेली."

तिने घासही घेतला नाही. व्हर्लिनने तीन दिवस खाल्ले. ती त्याच्याकडे बघत राहिली तेव्हा म्हणाला, "राग तुझा आहे. भूक माझी आहे."

तो गप्प बसणारा माणूस; पण चौथ्या दिवशी त्यानेच विचारले, "ती शाळेसाठी 'हो' म्हणाली, त्याचंच एवढं दुखतंय का?"

"नाही," अर्डिथ म्हणाली. "नातवासाठी मीही कदाचित म्हटलं असतं. पण माझ्या ओट्याशी उभी राहून तिने सगळे खळगे पाडले, व्हर्लिन. एकूण एक."

हे मला व्हर्लिनने सांगितले, धान्याच्या काट्यावर ट्रक उभा असताना.

भांडे घासून-पुसून ओट्यावर पडून राहिले. ते परत करायला हवे होते आणि रिकामे परत करता येत नव्हते. या बाबतीत हे लोक अगदी आपल्यासारखेच. भांडे भरून गेले म्हणजे मन मोकळे झाले असे समजायचे. ते जात नव्हते, म्हणून गावाचे लक्ष त्या भांड्याकडे होते. माझ्या बायकोने दोनदा आडून चौकशी केली. "अजून आहे," एवढेच उत्तर मिळाले.

मार्चमध्ये मी लव्हॉनच्या घरी बसलो होतो. तिचा नवरा गेल्यापासून कराचे कागद मी लावून देतो. त्या दिवशी तिचे कागदांकडे लक्ष नव्हते.

"अर्डिथ बोलते का तुझ्याशी काही?" तिने विचारले.

"हवेबद्दल बोलते."

"माझ्याशी तेवढंही नाही. चर्चमध्ये मान हलवते. सॅम, ओरडली असती तर बरं झालं असतं."

तेवढ्यात अंगणात गाडी वळली. लव्हॉनने खिडकीतून पाहिले. अर्डिथ उतरत होती. हातात ते काचेचे भांडे, वरून चांदीचा कागद घट्ट लावलेला. भांडे भरलेले होते, कागदाला मधे उंचवटा आला होता. लव्हॉनने एप्रन काढला, पुन्हा बांधला, कॉफीचे भांडे चुलीवर ठेवले. तिचा चेहरा एवढा उजळला की मी कागद गोळा करायला लागलो. दोघींना एकटे सोडावे असे वाटले.

"बस, सॅम," अर्डिथ आत येत म्हणाली. "मी थांबत नाही. गाडी चालूच आहे."

"कॉफी झालीच आहे बघ," लव्हॉन म्हणाली. "ये ना. बस तरी."

"भांडं द्यायला आले."

लव्हॉनने ते दोन्ही हातांनी घेतले, टेबलावर ठेवले आणि कागद सोडवला. आत प्लॅस्टिकचा डबा होता. झाकणावर दुकानाची किमतीची चिठ्ठी तशीच. डब्यात कोलाचे. एकसारखे, यंत्राने पाडलेल्या खळग्यांचे, वर साखरेचा चकाकता थर. काही तर चक्क स्ट्रॉबेरीचे होते.

लव्हॉनने किमतीच्या चिठ्ठीवरून अंगठा फिरवला.

"स्टॅन्हर्स्टचे आहेत," अर्डिथ म्हणाली. "नव्या बसचा रस्ता समजून घ्यायला गेले होते, तेव्हा घेतले. सोय आहे बाई तिथे. मळायला नको, फुगायची वाट बघायला नको. कोल्टनला आवडतील."

"अर्डिथ, मी सांगणार होते तुला."

"कधी?"

"त्या शनिवारी. पीठ फुगायला ठेवलं होतं तेव्हा. पण तू इतकी आनंदात होतीस..."

"होते खरी."

"त्या पोराला दुसरं काही येत नाही गं. ब्रेंटला नाही शिकता आलं. याला तरी..."

"मग असं म्हणायचं होतं माझ्या तोंडावर," अर्डिथ म्हणाली. आवाज चढला नव्हता. बसमध्ये मागचे पोर झोपले असले की ती असे बोलायची. "मी शिव्या दिल्या असत्या. दार आपटून तुला बाहेर काढलं असतं. आणि शरदात फोन केला असता, की ये मेले, खळगे कोण पाडणार म्हणून. ते सगळं तू मला करू दिलं नाहीस."

चुलीवर कॉफी उकळून उतू गेली. कुणी उठले नाही.

दारातून अर्डिथ माझ्याकडे वळली. "सॅम, तुझ्या बायकोला सांग, माझ्याकडे खसखशीची बरणी भरलेली आहे. घेऊन जा म्हणावं. मला आता लागणार नाही."

गाडी गेली. लव्हॉनने कॉफी उतरवली, चूल पुसली. मग टेबलाशी येऊन बसली, डब्याचे झाकण उघडले आणि एक स्ट्रॉबेरीचा कोलाचा घेऊन खाऊ लागली. आमच्याकडे आणून दिलेल्या पदार्थाला नाव ठेवत नाहीत. समोर देणारी नव्हती, तरी तिने तो सगळा संपवला.

"चांगले आहेत," ती म्हणाली, आणि डबा माझ्याकडे सरकवला.

ऑगस्टात शाळा उघडली ती स्टॅन्हर्स्टची. अर्डिथच त्यांची बस चालवते. पहिला थांबा झीमरांचा. कोल्टनला उठायला उशीर होतो. ती इंजिन चालू ठेवून समोर बघत बसते, भोंगा वाजवत नाही. लव्हॉन खिडकीत उभी असते म्हणतात.

शरदातल्या गावजेवणाला त्या वर्षी कोलाचे कोण करणार हे कुणी कुणाला विचारले नाही. जेवणाच्या दिवशी चर्चच्या तळघरातल्या टेबलावर स्टॅन्हर्स्टचे प्लॅस्टिकचे डबे मांडले होते. अर्डिथ आली, रांगेत उभी राहिली, तिने एक घेतला. लव्हॉन दुसऱ्या टोकाला बसली होती, तिच्या पानातही होता. ड्वेन तोंड भरून म्हणाला, "चांगले आहेत की!"

"हो, चांगले आहेत," सगळे म्हणाले.